पळणारी आणि उडणारी

सुलक्षणाताईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती टाकी भरली म्हणून मोटर बंद करायला ओरडत होती. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा ती हवेत होती.

मी घरामागे कपडे वाळत घालत होते. वरच्या माळावरून काहीतरी खडखडत आलं. शेताच्या बांधावरून सुटलं. दोन चाकं, एक काळं हेल्मेट, कमरेला गच्च बांधलेली ओढणी. ते सगळं माझ्या डोळ्यांच्या उंचीवरून गेलं आणि वांग्याच्या वाफ्याअलीकडे टेकलं. धूळ बसली. हेल्मेटची काच वर झाली.

"गॅसवाला येऊन गेला का गं?" सुलक्षणाताईने विचारलं.

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही.

मी लातूरची. मराठीत एम.ए. केलं. हिंजवडीतल्या एका कंपनीत ॲपवर दिसणारी मराठी वाक्यं लिहिते. जवळच्या नेरे गावात खोली घेतली ती ताईच्या घरी, म्हणजे तिच्या सासऱ्यांच्या घरी. खोली म्हणजे पूर्वीचा गोठा. फरशी नवी, रंग नवा, पण भिंतीत बैल बांधायची कडी तशीच आहे. मी तिला छत्री अडकवते.

सासरे हैबतराव. त्यांना सगळे आबा म्हणतात. एकेकाळी आबांचे बैल तालुक्यातल्या घाटांवर पळायचे. आमच्याकडे घाट म्हणजे डोंगरातला रस्ता. इथे बैलगाडा शर्यतीच्या धावपट्टीलाही घाट म्हणतात, आणि एका पळण्याला बारी. बारी घड्याळावर मोजतात. मग शर्यतींवर बंदी आली आणि आबांनी बैल विकले. बंदी उठली तेव्हा गोठ्यात भाडेकरू राहत होते.

ताई पस्तिशी ओलांडलेली. माहेर उरवड्याचं. मुलगी होस्टेलवर. नवरा एकनाथ, उरवड्यातल्याच एका कारखान्यात फिटर. खोल्यांचं सगळं ताई बघते. नळ, मोटर, भांडणं, पार्किंग. आणि पार्किंगमधूनच हे सुरू झालं.

वरच्या खोलीत शैलेश राहतो. अमरावतीचा, आयटीत. त्याच्याकडे डोंगरावरून खाली उतरायच्या दोन सायकली. त्या पडवीत असायच्या. अंगण धुताना ताईला त्या रोज हलवाव्या लागायच्या. एके दिवशी हलवता हलवता ती एकीवर बसली. आणि माळावर गेली. आणि खाली आली.

शैलेशला हँडलला ओरखडा दिसला. तो रागावला नाही. "वहिनी, कोणत्या वळणावर पडलात?" एवढंच त्याने विचारलं. ताईने वळण दाखवलं. तो म्हणाला, "तिथे मीही पडतो." दुसऱ्या दिवशी त्याने तिला आपलं जुनं हेल्मेट दिलं. गुडघ्याचे पॅड दिले. तेव्हापासून ती शिकतेय. मी आले तेव्हा तिला दुसरं वर्ष लागलं होतं.

या जानेवारीत शैलेशला जर्मनीत नोकरी लागली. सायकली नेता येणार नव्हत्या. एक त्याने पुण्यातल्या मित्राला कबूल केली. दुसरी ताईला.

"कोणती?" ताईने विचारलं.

"ते तुम्ही ठरवा. रविवारी शर्यत आहे ना उरवड्याच्या डोंगरावर? त्यानंतर मित्र टेम्पो घेऊन तिथेच येतो. जी तुम्ही ठेवाल ती तुमची. उरलेली त्याची."

दोन्ही पडवीत उभ्या होत्या. एक काळी, एक हिरवी. मला त्या रंग सोडला तर सारख्याच दिसत होत्या. शैलेशने समजावलं. काळी शर्यतीची. लांब. चाकं मोठी. पुढचे दांडे मोटरसायकलसारखे वरपर्यंत गेलेले. ती जमीन सोडत नाही. वेग वाढला की शांत होते, वेग कमी झाला की रुसते. हिरवी आखूड. चाकं लहान, अंग दणकट. उंचावरून आदळली तरी तक्रार नाही, हवेत वळवावी तशी वळते. पण दगडगोट्यांच्या सरळ उतारावर फार वेगात नेली तर नाचायला लागते.

"काळीवर बसलं की खाली पोचायचं असतं," तो म्हणाला. "हिरवीवर बसलं की खाली पोचायची घाई नसते."

आबा येऊन उकिडवे बसले. काळीच्या वरच्या दांडीवरून त्यांनी हात फिरवला. पाठीवरून फिरवतात तसा. चाक उचलून सोडलं. मागे जाऊन लांबून बघितलं.

"ही घाटाची," ते म्हणाले.

"आणि ती?" मी विचारलं.

"ती मिरवणुकीची."

ताई हसली नाही. कारण प्रश्न रंगाचा नव्हता. शैलेशच्या सायकल क्लबला राज्याच्या शर्यतीसाठी एक बाई हवी होती. रविवारी ताईने काळीवर चांगली वेळ दिली तर ती संघात जाणार होती. काळी ठेवली तर वर्षभर शर्यती. हिरवी ठेवली तर संघ नाही, घड्याळ नाही. फक्त माळ, बांध आणि उड्या. घरात एकच सायकल राहणार होती आणि तिच्याबरोबर ताई यापुढे काय करणार तेही ठरणार होतं.

"तुला काय वाटतं?" मी तिला विचारलं. ती मेथी निवडत होती.

"लग्न होऊन आले तेव्हा आबांची बारी असली की घरचे सगळे पुरुष घाटावर. बायका घरी. लांबून स्पीकर ऐकू यायचा. नाव पुकारायचे, की हितं आई हात जोडायच्या." तिने काडी मोडली. "आपलं बी नाव एकदा पुकारावं, असं वाटायचं. हसू नको."

मी हसत नव्हते.

तो आठवडा मी कामाला उशिरा गेले. सकाळी ताई काळीवर सराव करायची. आबा माळाच्या तळाला मोबाइल घेऊन उभे. ती वरून सुटायची आणि खरंच सांगते, दिसायची नाही. धुळीची एक रेघ यायची. आबा बटण दाबायचे. रोज वेळ कमी होत होती. आबांची कंबर दुखते, पण त्या दिवसांत ते माळावर पळत चढायचे.

संध्याकाळी ती हिरवी काढायची. तेव्हा खाली कोणी नसायचं. मी असायचे. ती बांधावरून उडायची, परत चढवायची, परत उडायची. कधी हवेत मागचं चाक बाजूला फेकायची. एकदा पडली. कोपर खरचटलं. मातीत पडल्या पडल्या हसत होती.

मी तिला सांगून टाकलं. "ताई, काळीवरून उतरतेस तेव्हा तुझं तोंड पेपर देऊन आल्यासारखं असतं. हिरवीवरून उतरतेस तेव्हा तसं नसतं."

"तोंड बघून सायकल घ्यायची का?"

"नवरे तर लोक तोंड बघून करतात."

"म्हणून तर," ती म्हणाली. एकनाथभाऊ पलीकडे पंपाचा नट आवळत होते. त्यांनी वर बघितलं आणि परत नट आवळायला लागले.

शनिवारी जेवताना ताईने सांगितलं. "ठरलं. काळी."

आबांनी ताटातली भाकरी अर्धी मोडून तिच्या ताटात टाकली. मी त्या घरात पाहिलेलं ते सगळ्यात मोठं बक्षीस.

संध्याकाळी पूजा झाली. बारीच्या आदल्या दिवशी बैलाची व्हायची तशी. शैलेश सामान बांधायला गेला होता. चंद्राबाईंनी, म्हणजे ताईच्या सासूबाईंनी, काळी अंगणात घ्यायला लावली. त्यांना मी आज्जी म्हणते. हा सगळा प्रकार त्यांना कधी पटला नव्हता. "बाईमाणसानं असं दगडावनं उडायचं म्हंजी काय," हे त्यांचं रोजचं. पण पूजेत त्या कसर ठेवत नाहीत. हँडलला हळद-कुंकू. सीटला हार. मग त्यांनी वाटीत तेल घेतलं आणि सायकलभोवती फिरल्या. शिंगं शोधत असाव्यात. चाकांच्या मध्यभागी पोलादाच्या दोन चकत्या असतात, भोकाभोकांच्या. त्या त्यांना सापडल्या.

"ह्या ताटल्या कोरड्याच हायेत की," असं म्हणून त्यांनी बोटांनी तेल चोळलं. पुढच्या चकतीला, मागच्या चकतीला, दोन्ही अंगांनी, मनापासून. निरांजनाच्या उजेडात चकत्या झळकल्या. सगळ्यांनी हात जोडले.

रविवारी दोन्ही सायकली पिकअपमध्ये घालून आम्ही उरवड्याला गेलो. कारखान्यांना सुट्टी. कामगार, गावातली पोरं, पुण्याहून आलेले सायकलवाले, सगळा डोंगर माणसांनी भरला होता. वाळलेलं गवत गुडघ्याएवढं. खाली पत्र्याच्या शेड आणि लांबवर हिंजवडीच्या इमारती. क्लबवाल्यांनी गावातूनच स्पीकर घेतला होता आणि स्पीकरबरोबर नरहरी आला होता. नरहरीने आयुष्यभर फक्त बैलगाड्यांचं निवेदन केलं आहे. त्याला दुसरं येत नाही.

"सुटला, सुटला, बावधनकरांचा सुटला," तो सायकलस्वारांना म्हणत होता. "काय अंग हाय बघा, काय चाल हाय, झाली बारी, झालीऽऽ."

एकेक जण वरून सोडत होते. बायकांचा गट शेवटी. ताईचं नाव शेवटच्या क्षणी दिलेलं, म्हणून ती सगळ्यांत शेवटी. तिच्यामागे कोणी नव्हतं. हे बरं झालं ते पुढे कळलं.

शैलेशने तिला वाट दाखवली. मधे दगडांची एक जुनी ताल आहे, पुरुषभर उंच. शेतात माती धरायला रचलेली. "ताल सरळ मारू नका. सगळे डावीकडून वळसा घेतात. खाली दगड आहेत."

"बरं," ताई म्हणाली. काळीवर बसली. हात मोकळे करायला म्हणून बाजूच्या छोट्या उतारावर सोडली. खाली येताना ब्रेक दाबला.

जो आवाज आला तो मी जन्मात विसरणार नाही. जुन्या रिक्षाला कोणीतरी चिमटा काढावा तसा. सायकल थांबली नाही. ताई शांतपणे, जवळजवळ सभ्यपणे, करवंदीच्या जाळीत गेली.

आम्ही धावलो. तिला काही झालं नव्हतं. केसांत काटे होते. शैलेशने चकतीला बोट लावलं. बोट नाकाशी नेलं.

"तेल?"

"मग?" आज्जी म्हणाल्या. "लोखंड हाय ते. कोरडं ठेवायचं?"

शैलेश खाली बसला. "आज्जी, या ताटल्या पकडूनच सायकल थांबते."

आज्जींना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी पदर तोंडावर धरला. त्यांचे डोळे भरले.

"आई, बैलाला लावतातच की तेल," ताई जाळीतून बाहेर येत म्हणाली. "तुमी काय वेगळं केलं?"

"शिंगाला लावत्यात," आबा म्हणाले. "खुराला न्हाई."

"तुमी गप्प बसा," आज्जी पदराआडून म्हणाल्या.

एकनाथभाऊंनी पॉलिश पेपर काढला. त्यांच्या खिशात तो असतोच. चकत्या घासल्या. पण चकत्या धरणारे ब्रेकचे पॅड तेल पिऊन बसले होते. हिरवीचे वेगळ्या मापाचे. नवे कुठून आणणार? वर बायकांचा गट सुरू झाला होता. नरहरी एकेक नाव घेत होता.

ताईने हिरवीकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

"मिरवणुकीवर बसून घाट मारनार?" आबांनी विचारलं.

"मिरवणुकीवर बसलेली बरी का कडेला उभी राहिलेली?"

आबांनी मोबाइल काढला. ते तालीकडे चालू लागले. तिच्या पायथ्यापासून वरचा बराचसा उतार दिसतो. मी आणि आज्जी त्यांच्या मागे. आज्जी वाटेत प्रत्येक दगडाला हात लावून नमस्कार करत होत्या.

"आता सुटणार," स्पीकरमधून आलं, "नेऱ्याचे नामवंत गाडामालक हैबतराव यांची..." इथे नरहरी अडला. पुढे बैलाचं नाव येतं. "...यांची सून."

वर झेंडा पडला.

पहिली वळणं मला दिसली नाहीत. मग गवतात हिरवा ठिपका दिसला. दगडगोट्यांच्या पट्ट्यात सायकल नाचायला लागली. शैलेश म्हणाला होता तशीच. आबा पुटपुटत होते, "धर तिला, धर, धर." ताईने धरली. गुडघे वाकवून ती सायकलीवर जणू तरंगत होती. वेळ बरी होती. आबांच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं, बरीच बरी होती. ताल जवळ आली. डावीकडे वळशाची वाट होती, तिथे क्लबचा मुलगा झेंडी घेऊन उभा होता.

ताई वळली नाही.

मी आज्जींचा हात धरला की त्यांनी माझा, ते माहीत नाही. सायकल तालीवरून सुटली. आवाज बंद झाला. एवढा मोठा डोंगर, एवढी माणसं, आणि एकही आवाज नाही. ती आमच्या डोक्यावरून गेली. खाली दगडांच्या पलीकडे दणकन टेकली, एकदा डगमगली, सावरली. तेव्हा डोंगर ओरडला.

"झालीऽऽ," नरहरीचा आवाज चिरकला, "उडालीऽऽ."

आता खाली सरळ उतार. शेवटची रेघ दिसत होती. आबा मोबाइल छातीशी धरून म्हणत होते, "हान, हान, हान."

ताईने ब्रेक दाबला. थांबली. उतरली. सायकल फिरवली. आणि ढकलत वर चढायला लागली.

"बारी चालू हाय," नरहरी म्हणाला. मग जरा थांबला. त्याने आयुष्यात उलटी चाललेली गाडी बघितली नव्हती. "बारी चालू हाय आणि... गाडी माघारी निघाली हाय. मंडळी, गाडी माघारी."

ती आमच्या शेजारून गेली. घामाने चेहरा निथळत होता. सायकल जड, तिची छाती वरखाली होत होती.

"सुलक्षणा," आबा म्हणाले. आवाज रागाचा नव्हता, घाबरल्यासारखा होता. "घड्याळ चालू हाय."

"चालू द्या, आबा."

"अगं पण का?"

"मगाशी डोळे मिटले हुते मी."

ती तशीच वर गेली. तालीच्या बरीच वर. काठाच्या पोरांनी मागे सरून वाट दिली. झेंडीवाला मुलगा झेंडी खाली घालून नुसता बघत राहिला. तिने हेल्मेट नीट केलं, सायकलवर बसली, आणि एक क्षण नुसती उभी राहिली. कोणी ओरडत नव्हतं. मग ती सुटली.

या वेळी मी तिचे डोळे बघितले. काचेच्या आत सताड उघडे होते. तालीच्या काठावर तिने सायकल वर खेचली. हवेत पुढचं चाक किंचित वळवलं, परत सरळ केलं, जणू कोणाला तरी ओळख दाखवावी. तिने खाली बघितलं. गवत, आम्ही, पत्र्याच्या शेड, तिच्या माहेरची कौलं. सगळं बघितलं. बघायला वेळ होता, असं मला वाटलं. ती टेकली ती दगडांच्या खूप पुढे, मऊ, नुसती धूळ उडाली. आणि मग ती खाली गेली, ओरडत. शब्द नव्हते.

खालून नरहरी वेळ सांगायला उभा राहिला. कागद बघितला. परत बघितला. "वेळ," तो म्हणाला, "वेळ लई झाली." डोंगरभर लोक हसले आणि टाळ्या वाजवत राहिले. दिवसातली सगळ्यांत वाईट वेळ होती. संघात दुसरी मुलगी गेली. तिला त्याचा आनंद झाला, आणि तिने येऊन ताईला विचारलं की ताल कशी मारायची.

पुण्याचा टेम्पो येऊन लागला होता. शैलेशने दोन्ही सायकली बाजूला उभ्या केल्या होत्या. ताई आधी वर आली, आबांकडे.

आबा खाली उतरलेच नव्हते. ते तालीच्या पायथ्यापासून चालत होते. एक चप्पल टेकवायची, तिच्या टाचेला दुसरी लावायची. दगड चुकवत, गवत बाजूला सारत, चाकांच्या खुणेपर्यंत.

"आबा," ताई म्हणाली. "मी काळी सोडतेय."

"थांब. मोजू दे."

ती थांबली. मीही थांबले. आज्जी एका दगडावर बसल्या होत्या आणि त्यांनी आबांचा मोबाइल हातात धरला होता. तो बंद कसा करायचा ते त्यांना माहीत नव्हतं. आकडे अजून पळत होते.

आबा खुणेपाशी पोचले. वाकले. बोट लावलं. मग पहिल्या उडीची खूण शोधली, तिच्याकडे बघितलं, परत दुसऱ्या उडीच्या खुणेकडे बघितलं.

"दुसरी लांब पडली," ते म्हणाले.

"व्हय?"

"लई लांब." ते कंबर धरून उभे राहिले. "हे दगुड काडाय पायजेत. हितं उतरनीला माती टाकली तर आनखी लांब जाशील. एकनाथला सांगतो, ट्रॉली बघ म्हनून. ताल कुनाची हाय ती?"

"माझ्या माहेरच्या सावत्याच्या भावकीची असंल. इचारते."

"मी इचारतो. तू नको. तू उडी मार."

"आत्ता?"

"मग? माती टाकल्यावर किती फरक पडला ते कसं कळनार?"

ताईने खाली वळून हात तोंडाशी नेला. "शैलेशभाऊ," ती ओरडली, "काळी चढवा टेम्पोत. आन् हिरवी वर पाठवा."

आज्जी उठल्या. पदर खोचला. "चल गं बाजूला," त्या मला म्हणाल्या, "तुला कळत न्हाई, ती हितनंच येती."